काशीच्या पोथीतली उमलिनी

वाई, आषाढ शुद्ध चतुर्दशी, सन १९०८

वन्संना सीतेचा वाकून नमस्कार.

तुमच्या धाकट्या भावाला तिसरी मुलगी झाली. बाळ-बाळंतीण सुखरूप, असे लिहायची रीत आहे. बाळ सुखरूप आहे. बाळंतीण मात्र आतल्या आत धुमसते आहे. मुलगी झाली म्हणून नव्हे. मुलगी मोठी गोड आहे, नाक थेट तुमचे आहे, आणि रडते तेव्हा कृष्णेच्या पलीकडे कळते.

कारण वेगळे आहे. सुईण हात धुते न धुते तोच सासूबाई म्हणाल्या, "तिसरी! आता हिचं नाव नकुसा. नकुसाच्या पाठीवर मुलगा येतो. आमच्या घरचा दाखला आहे."

दाखला म्हणजे तुम्ही. चौथ्या मुलीचे नाव नकुसा ठेवले आणि तिच्या पाठीवर मुलगा झाला, ही गोष्ट त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात. गुण यायला सहा वर्षे लागली, एवढेच तेवढे सांगत नाहीत. वन्सं, लग्नात काशीकरांनी तांदळात 'शरदिनी' लिहिले आणि तुम्ही त्या नावातून सुटलात. ही पोर सुटायला नऊ-दहा वर्षे आहेत. तोवर दिवसातून वीस वेळा तिला 'नको असलेली' म्हणून हाक मारायची, आणि तीही मी, तिच्या आईने. माझ्याने होणार नाही.

एक वाट आहे. बारशाला नाव ठेवायचे ते आत्याने. तो तुमचा मान, सासूबाईंनाही मोडता यायचा नाही. मी म्हटले, "वन्संना विचारल्याशिवाय कसं ठेवायचं?" तर म्हणाल्या, "विचार की. तीही हेच सांगेल, तिच्या अंगवळणी पडलेलं नाव आहे." बारसे सव्वा महिन्यावर ठेवले आहे. तुमचे पत्र सगळ्यांसमोर मोठ्याने वाचले जाते, हे ध्यानात धरून लिहा.

तुमची सीता

*

ब्रह्माघाट, काशी, आषाढ वद्य षष्ठी (इथल्या लोकांचा श्रावण लागलासुद्धा)

ती. आईस शरदिनीचा साष्टांग नमस्कार.

नात झाल्याचे कळले, आनंद झाला. नावाचे म्हणशील तर नकुसा हेच मी लिहिणार होते. पण परवा दुर्गाघाटाच्या पायऱ्यांवर एक अतिवृद्ध स्वामी भेटले. अंगावर एक छाटी, वय विचारले तर नुसते हसले. मी काही बोलायच्या आत म्हणाले, "माई, तेरे मायके में कन्या आयी है." माझ्या अंगावर काटा आला. म्हणाले, काशीतल्या एका जुन्या पोथीत एक नाव आहे, ते त्या मुलीला द्या. ज्या घरात ते नाव हाकेत असते, तिथे पुढचा पाळणा मनासारखा हलतो. ते नाव 'उमलिनी'.

दोन पथ्ये सांगितली आहेत. नाव पूर्ण घ्यायचे, उमी-बिमी करायचे नाही. आणि रोज सकाळी पहिली हाक घरातल्या सर्वांत वडील बाईने मारायची. पोथी दाखवा म्हटले, तोवर स्वामी दिसेनासे झाले. गर्दी फार होती. सोबत विश्वेश्वराचे भस्म आणि कुंकू पाठवते आहे.

(कुंकवाच्या पुडीचा कागद)

सीते, पुडी हळू सोड, कागद फाटला तर सगळेच फाटेल.

स्वामी वगैरे कुणी नाही. परवा दुर्गाघाटावर मला भेटला तो एक बैल, आणि तो काही बोलला नाही. पण आईला 'नको' म्हणता येणार नाही असे काहीतरी पाहिजे होते, आणि वाईहून काशीला येऊन पोथी शोधणार कोण? 'मनासारखा' हा शब्द मी बघूनच घातला आहे. मुलगा होईल असे कुठेही लिहिलेले नाही. पुढेमागे कुणी धरले तर निसटायला वाट हवी. वीस वर्षे वैदिकाच्या घरात काढली, एवढे तरी शिकावे की नाही?

नाव कुठून आले ते मात्र विचारू नकोस.

लहानपणी नकुसा म्हणून हाक आली की पहिल्या हाकेला मी कधी ओ देत नसे, दुसरीला देई. पहिली हाक दुसऱ्याच कुणाला असेल, असे मनाशी म्हणायचे. आळशी म्हणून बोलणी खाल्ली, पण तेवढी सवय सोडली नाही. तुझ्या मुलीला पहिल्या हाकेला धावत येऊ दे.

श.

*

वाई, भाद्रपद वद्य पंचमी, सन १९०८

वन्सं, जिंकलात!

पत्र इकडून मोठ्याने वाचले गेले. मी दाराआड उभी. नाव वाचून झाले आणि सासूबाईंनी हातातली वात खाली ठेवली. मग म्हणाल्या, "नाव परत वाच." परत वाचले. "अजून एकदा." तिसऱ्यांदा वाचले. तशा उठल्या आणि परसात निघून गेल्या. मी म्हटले, आटोपला कारभार, आता पोथीचा ग्रंथ-अध्याय विचारतील. थोड्या वेळाने आल्या त्या ओंजळभर जाईच्या कळ्या घेऊन. त्या पाळण्यात सोडल्या आणि म्हणाल्या, "ठेवा उमलिनी. काशीचा शब्द आहे."

बस्स, एवढेच. वांगी घेताना माळणीला दहा प्रश्न विचारणारी बाई, पण स्वामींबद्दल एक प्रश्न नाही! काशीचे नाव काढले की भलेभले नमतात ते असे.

पथ्ये तर विचारू नका. रोज सकाळी दारात उभ्या राहून "उमलिनीऽऽ" अशी हाक देतात की पोरीबरोबर सगळी आळी उठते. देवळात सांगतात, नदीवर सांगतात, हळदीकुंकवाला तर सांगतातच. आळीत अजून दोन उमलिनी झाल्या. त्यातली एक आधी धोंडी होती, दीड वर्षाची. तिचे पुन्हा बारसे केले आणि पुन्हा घुगऱ्या वाटल्या.

तुमची सीता

*

ब्रह्माघाट, काशी, कार्तिक वद्य द्वितीया, सन १९१०

सीते, कुंकू संपले म्हणून हा कागद बुक्क्याच्या पुडीचा आहे. वाचताना शिंक आली तर तोंडावर पदर घे.

आपण जे पेरले ते उगवले, आणि उगवले ते आमच्या दारात. यंदा कार्तिकस्नानाला वाईचे यजमान आले. संकल्प झाला, पिंड झाले, आणि एकाने ह्यांना विचारले, "गुरुजी, उमलिनी हे नाव कोणत्या पोथीत आहे?"

आता 'ठाऊक नाही' म्हणणारा ब्राह्मण काशीत अजून जन्मायचा आहे. ह्यांनी क्षणभर डोळे मिटले आणि म्हणाले, "फार प्राचीन आहे. सहज सांगण्यासारखं नाही." यजमान हुशार, तो शेजारच्या यज्ञेश्वरशास्त्र्यांकडे गेला. ते म्हणाले, चौसष्ट योगिनी सगळ्यांना ठाऊक असतात, ही पासष्टावी. ती लपून राहिली म्हणून लोक विसरले. हे काशीनाथशास्त्र्यांच्या कानावर गेले. ते म्हणाले, योगिनी कसली, उमलिनी हे कुंडाचे नाव. दुर्गाघाटाच्या वरच्या अंगाला होते, पुढे बुजले आणि वर घरे झाली. जागा कुठे, तर बोट दाखवले ते नेमके यज्ञेश्वरशास्त्र्यांच्या स्वयंपाकघराकडे!

"म्हणजे आम्ही तीर्थावर चूल मांडतो?" यज्ञेश्वरशास्त्री घाटावर ओरडले. "मांडता हे दिसतंच आहे," काशीनाथशास्त्री म्हणाले. तीन दिवस पायऱ्यांवर वाद चालला. लोक स्नान सोडून ऐकायला थांबले. दोघांच्या बायका कठड्यावरून विरजणाची वाटी देत-घेत होत्या आणि हसत होत्या. आमच्या गल्लीत आता चार उमलिनी आहेत. घाटावर नाव वल्हवणाऱ्या मल्लाहाने सुद्धा नातीचे तेच नाव ठेवले. मी म्हटले, "काहे भैया?" तर म्हणाला, "बहूजी, पंडित लोग लड़ रहे हैं तो कुछ बात होगी."

काल जेवताना ह्यांनी विचारले, "हे तर तुझ्या भाचीचं नाव ना? तुला कुणी सांगितलं?"

"स्वामींनी."

"कौन स्वामी? चाळीस वर्षं घाटावर बसतो, मला नाही भेटले ते?"

"तुम्हाला कसे भेटतील? तुम्ही प्रश्न विचारता."

ह्यांनी वरणाची वाटी पुढे ओढली. पण भात कमी जेवले.

श.

*

वाई, पौष वद्य एकादशी, सन १९१४

वन्सं, आज थट्टा नाही. मला दिवस गेले आहेत, सातवा लागला.

इतकी वर्षे तुमची थाप मजेत चालली. पलीकडच्या घरी उमलिनीच्या पाठीवर मुलगा झाला, तेव्हा ते पेढे घेऊन आधी आमच्याकडे आले. दुसऱ्या एका घरी पुन्हा मुलगी झाली, तेव्हा ते भांडायला आले. सासूबाईंनी विचारले, "पहिली हाक रोज तुम्ही मारत होता का?" ती बाई म्हणाली, "रोज कशी जमणार?" सासूबाई म्हणाल्या, "मग?" भांडण तिथेच संपले.

पण आता पाळणा आमच्याच घरात हलायचा आहे. ज्या घरातून हे नाव निघाले, तिथेच काय होते ते बघायला सगळी आळी टपली आहे. मुलगा झाला तर ठीक. मुलगी झाली तर नाव खोटे, पोथी खोटी. आणि मग सासूबाई जुन्या दाखल्यावर जातील. उमलिनी साडेपाच वर्षांची आहे. पाटीवर स्वतःचे नाव लिहिते, दारावर लिहिते, एकदा झोपलेल्या मांजरावर सुद्धा खडूने लिहीत होती. तिला कोणत्या तोंडाने सांगू, की उद्यापासून तू नकुसा?

सासूबाई रोज माझ्यासमोर येऊन बसतात. वाती वळतात आणि माझ्याकडे बघतात. मला भीती वाटते.

आज तरी खरे सांगा. हे नाव तुम्हाला मिळाले कुठे? कुठे काही आधार असेल तर तोच दाखवू.

सीता

*

ब्रह्माघाट, काशी, माघ शुद्ध द्वितीया, सन १९१४

सीते, घाबरू नकोस. मुलगी झालीच तर स्वामी पुन्हा भेटतील. मी त्यांना तयार ठेवले आहे. या खेपेला बारा वर्षांचे पथ्य सांगतील. बारा वर्षांत पोर सासरी जाईल.

आधार विचारतेस. आधार असा आहे, की ते नाव माझे आहे.

मी सहा वर्षांची होते. परसात विहिरीजवळ जाईचा वेल आहे ना, तिथे संध्याकाळी कळ्या उमलताना बघत बसायचे. थोरल्या तिघींना चांगली नावे होती, मला नव्हते. म्हटले, कुणी देत नाही तर आपणच करू. उमलते ती उमलिनी. दोन दिवस मनात म्हणून बघितले. तिसऱ्या दिवशी स्वयंपाकघरात गेले आणि एका माणसाला सांगितले, "मला आजपासून उमलिनी म्हण." ते माणूस भाकरी थापत होते. त्याने वर बघितले नाही. म्हणाले, "पाणी आण."

मी पाणी आणले. त्यानंतर हे नाव मी कुणाला सांगितले नाही. ते माणूस कोण हे तुला सांगायला नको, आणि त्याला आता आठवणारही नाही. काशीतले दोन शास्त्री ज्याच्यासाठी भांडतात ते एवढेच आहे. मला त्याचे हसू येते आणि कधी कधी रडूही येते.

म्हणून सांगते, ते नाव तुझ्या पोरीकडून काढून घेऊ देऊ नकोस. एकदा गेले आहे ते माझ्याकडून.

श.

*

वाई, चैत्र वद्य अष्टमी, सन १९१४

वन्सं, मुलगीच झाली.

सुईण मान खाली घालून बाहेर गेली. ओटीवर पाच-सहा जणी आधीच येऊन बसल्या होत्या, 'बघू काशीची पोथी काय म्हणते' म्हणून. मी आत डोळे मिटून पडले आणि कान बाहेर ठेवले.

सासूबाईंचा आवाज आला. "स्वामींनी काय सांगितलं होतं? पाळणा मनासारखा हलेल. माझ्या मनात नात होती. झाली."

कुणीतरी म्हणाले, "नात? तुमच्या मनात? काहीतरीच!"

"माझ्या मनात काय असतं ते तुला कधी सांगायला आले होते मी? साखर घे आणि तोंड गोड कर."

मग मोठ्याने, रोजच्याच सुरात, "उमलिनीऽऽ, चल, बहिणीला बघायला." आणि ती पहिल्याच हाकेला धावत आली. मी उशीत तोंड घालून खूप रडले. 'मनासारखा' हा शब्द तुम्ही स्वतःला निसटायला ठेवला होता, त्यातून सासूबाईंनी मला सोडवले. त्यांना कसे सुचले कोण जाणे. सांगितलेले शब्दन् शब्द धरून बसणारी बाई, म्हणून झाले असेल.

आता वाईट बातमी. कार्तिकात त्या काशीला यायच्या म्हणतात. "गंगास्नान होईल आणि स्वामींनाही भेटीन," असे म्हणाल्या. तुमचे स्वामी दाढी वाढवायला घ्या.

तुमची सीता

*

ब्रह्माघाट, काशी, मार्गशीर्ष शुद्ध सप्तमी, सन १९१४

सीते, आई सुखरूप पोचली असेल. आता इथली हकीकत ऐक.

स्वामींना बद्रीनाथला पाठवावे असे आधी ठरवले होते. मग वाटले, आई थांबते म्हणाली तर? शेवटी त्यांना जलसमाधी दिली. मल्लाहाला पढवून ठेवले. अहिल्याबाई घाटासमोर नाव आली तशी त्याने वल्ही सोडून हात जोडले आणि म्हणाला, "माई, यहीं समाये थे स्वामीजी." आईनेही हात जोडले. पाण्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "पोहता येत नव्हतं वाटतं?"

एवढेच. त्यानंतर नऊ दिवसांत स्वामींचा शब्द काढला नाही. मी रोज सकाळी नवी थाप तयार करून उठायची, आणि ती रोज तशीच फुकट जायची.

निघायच्या दिवशी मात्र एक झाले. आमच्या घरी यजमानांच्या जुन्या वह्या आहेत, कोण कोणत्या गावचे, कुणाचे कोण, कधी आले, सगळे त्यात. तुमच्या घराचेही पान आहे, पाच पिढ्यांचे. त्यात लेकींची नावे लिहायची रीत नाही. आई आपणहून ह्यांच्यासमोर बसली आणि म्हणाली, "माझ्या चारी मुली लिहा." ह्यांनी माझ्याकडे बघितले. सासूने तोंडाने मागितले, नाही कसे म्हणणार? टाक बुडवला. थोरल्या तिघी झाल्या. मग आईने माझ्याकडे वळून म्हटले, "पाणी आण."

मी पाणी घेऊन आले तोवर वही मिटलेली होती. ती मी अजून उघडली नाही. पाच पिढ्यांच्या पानावर शाईने लिहिलेले नकुसा मला बघायचे नाही. हे दोन दिवस माझ्याकडे बघून हसतात, विचारले तर म्हणतात, "फार प्राचीन आहे, सहज सांगण्यासारखं नाही."

श.

*

वाई, माघ शुद्ध पंचमी, सन १९१५

चि. सौ. उमलिनीस आईचा आशीर्वाद.

(आत्या, हे मी लिहिते आहे. आजी सांगते आणि मी लिहिते. मी म्हटले, आजी, नाव चुकले, उमलिनी तर मी. आजी म्हणाली, चुकलेले नाही, लिही.)

कुंकवाच्या पुड्या पोचतात. मला वाचता येत नाही, पण पुडी सोडून सून कुंकू कोनाड्यात टाकते आणि कागद घेऊन कोठीत जाते, हे दिसते. परवा मीच तिला म्हटले, पत्र सरळ पाकिटात घालून मागव, कुंकू आता ठेवायला जागा नाही.

पहिले पत्र ऐकले तेव्हाच मी ओळखले. माझ्या चुलीपाशी बोललेला शब्द काशीतल्या स्वामीला कसा ठाऊक होणार? ऐकण्यात चूक नको म्हणून तुझ्या भावाकडून, नीलकंठाकडून, तीनदा वाचवून घेतला. तुला वाटले असेल, भाकरी थापताना मी ऐकले नाही. ऐकले होते. पलीकडे माझ्या सासूबाई बसल्या होत्या, नीलकंठ पोटात होता, आणि नाव बदलले तर पोटातला जाईल असे सगळ्यांनी सांगून ठेवले होते. मी भ्याले. तुला पाण्याला धाडले. तू पाठ फिरवलीस तेव्हा ते नाव एकदा हळूच म्हणून बघितले.

(आजी थांबली आहे. डोळ्यांत धूर गेला म्हणते, पण चूल पेटलेली नाही. आता सांगते आहे.)

तरी तिसऱ्या नातीच्या वेळी माझ्या तोंडून पुन्हा नकुसाच निघाले. लागलेली सवय. तू खोटे लिहिलेस म्हणून मी त्यातून सुटले. मग ते खोटे मीच घरोघर नेले. सात वर्षांत आपल्या आळीत एकही नकुसा झाली नाही. अकरा उमलिनी झाल्या.

(हे खरे आहे. आजीने हाक मारली की सगळ्या येतात. फार गोंधळ होतो.)

त्या नावाड्याला सांग, समाधीची जागा एक काहीतरी ठरव. जाताना अहिल्याबाई घाटासमोर हात जोडले, येताना तिसऱ्याच घाटासमोर.

आता शेवटचे. तू लिहिले होतेस की हे नाव काशीतल्या जुन्या पोथीत आहे. माझी मुलगी खोटे लिहिते असे उद्या कुणी म्हणायला नको. जावयांची, वेणीमाधवरावांची, वही काढ. पोथी नाही, पण जुनी आहे आणि काशीत आहे. आपले पान उघड आणि चौथी मुलगी वाच.

आता आहे.